तीन तारा आणि एक कोड

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चढावर उचलत नाही, कधी सेल्फ मारत राहावं लागतं. गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला जातो आणि पडद्यावर उमटतं: पी०१९३. मेकॅनिक सांगतो, "फ्युएल सेन्सर गेलाय साहेब, बदलावा लागेल." काही हजारांचा भाग मागवला जातो, बसवला जातो, दिवा विझतो. पुष्कळदा आठवड्याच्या आत तोच दिवा पुन्हा लागतो आणि मग संशय पंपावर जातो, तिथून नोझलवर, शेवटी ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर. बिल वाढत जातं आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

स्कॅनरने दिलेल्या मजकुरात 'सेन्सर बदला' असं कुठेही लिहिलेलं नसतं. पी०१९३ चा अर्थ एवढाच, की इंधनाच्या दाबाची खबर आणणाऱ्या तारेवरचा व्होल्टेज असायला हवा त्याहून जास्त आढळला. ही एक नोंद आहे. तिथपासून खऱ्या कारणापर्यंतचं अंतर माणसाने चालायचं असतं, आणि त्यासाठी काहीशे रुपयांचा मल्टीमीटर, गाडीचा वायरिंग डायग्राम आणि थोडा संयम पुरतो. हे काम आपल्याकडे जितकं व्हायला हवं तितकं होत नाही, म्हणून या प्रकरणात हा एकच कोड घेऊन तो शेवटपर्यंत सोडवायचा आहे.

आधी 'फ्युएल सेन्सर' या ढोबळ नावाचा गुंता काढू. गॅरेजच्या बोलीत या नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू येतात: टाकीतला पातळी दाखवणारा फ्लोट, डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी ओळखणारा सेन्सर, इंधनाचं तापमान मोजणारा सेन्सर, आणि कॉमन रेलच्या टोकाला बसवलेला दाबाचा सेन्सर. प्रत्येकाचे कोड निराळे. पी०१९३ या शेवटच्याचा.

कोडची ही व्यवस्था मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मली नाही. तिचं मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. त्या शहरावर साचणारा, डोळे चुरचुरवणारा धुरकट थर मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडून तयार होतो, हे कॅलटेकमधल्या एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या आसपास दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियाने धुरावर मर्यादा घातल्या. पण कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी पाच वर्षांनी कशी चालते आहे हे कोण पाहणार? म्हणून गाडीनेच स्वतःवर नजर ठेवावी, असा नियम १९८८ च्या मॉडेलपासून आला. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि कोडची एकच भाषा सक्तीची झाली. भारतात 'भारत स्टेज ४' च्या गाड्यांना याचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा, अधिक कडक टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. आज नाशिकच्या गॅरेजमधला स्कॅनर आणि डेट्रॉइटमधला स्कॅनर एकाच कोडला एकच अर्थ लावतात, ते यामुळे.

कोड वाचायला सोपा आहे. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य सांगतं की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तिथे १ असता तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड ठरला असता. तिसऱ्या जागेवरचा १ म्हणजे इंधन आणि हवेच्या मोजमापाचं खातं. उरलेला ९३ हा नेमका दोष. त्याची भावंडंही ओळखून ठेवावीत. पी०१९० म्हणजे या सेन्सरच्या सर्किटमध्ये सर्वसाधारण दोष. पी०१९१ म्हणजे व्होल्टेज मर्यादेत आहे पण त्यातून निघणारा आकडा पटण्यासारखा नाही. पी०१९२ म्हणजे व्होल्टेज फार कमी. पी०१९३ म्हणजे फार जास्त. पी०१९४ म्हणजे मधूनच येणारा-जाणारा दोष.

टाकीतल्या फ्लोटचे कोड मात्र पी०४६० ते पी०४६४ असे आहेत. तिसऱ्या जागेवर ४, म्हणजे प्रदूषण रोखणाऱ्या साधनांचं खातं. पेट्रोलचा काटा या खात्यात कसा गेला? पेट्रोलच्या टाकीत वाफ होते आणि ती हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात साठवून नंतर इंजिनाला पाजली जाते. अमेरिकी नियमांनुसार बनलेल्या गाड्यांत ही सगळी बंद व्यवस्था गळत नाही ना, हे संगणक स्वतः तपासतो, अगदी अर्ध्या मिलिमीटरच्या भोकापर्यंत. पण टाकी जवळजवळ रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असेल तर ही तपासणी भरवशाची होत नाही. त्यामुळे टाकीत किती पेट्रोल आहे हे संगणकाला आधी ठाऊक असावं लागतं. काटा चुकला की तपासणी चुकते. म्हणून तो त्या खात्यात.

आता आपल्या कोडकडे. डिझेलच्या दाबाला इतकं महत्त्व का, हे कळल्याशिवाय पुढची तपासणी नुसती पाठांतराची होईल.

जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक नोझलला वेगळ्या पाइपने, ठरल्या क्षणी दाब देई. इंजिन हळू फिरलं की दाब कमी, जोरात फिरलं की जास्त. कॉमन रेलमध्ये पंपाचं काम फक्त एका जाड पोलादी नळीत डिझेल दाबून ठेवणं एवढंच उरतं. ती नळी म्हणजे रेल. कधी आणि किती वेळ उघडायचं ते विजेवर चालणारे इंजेक्टर ठरवतात. ही कल्पना ट्रकमध्ये आधी आणली जपानच्या डेन्सोने, १९९५ मध्ये. मोटारीसाठी ती घडवली फियाट समूहाच्या इटलीतल्या संशोधकांनी. १९९० च्या दशकाच्या मध्याला तिचे हक्क जर्मनीच्या बॉशकडे गेले आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही पहिली कॉमन रेल मोटार बाजारात आली. महाराष्ट्राचा या कथेशी जवळचा संबंध आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावला तयार होत होतं. इंडिका व्हिस्टा, पुंटो, आणि मारुतीने हरियाणात बनवलेल्या इंजिनांवरची स्विफ्ट आणि डिझायर, अशा कितीतरी गाड्यांमध्ये हेच १२४८ सीसीचं इंजिन धावलं. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यातून नोझल आणि इंजेक्टर निघतात. आपल्या रस्त्यांवर या जातीच्या डिझेल गाड्या अजून मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांची वयं आता तारा कुजण्याची झाली आहेत.

या इंजिनांत रेलमधला दाब नुसत्या आयडलिंगला साधारण २५० ते ३०० बार असतो आणि पूर्ण भाराला १४०० ते १६०० बारपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. १६०० बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दीड टनाहून जास्त भार. इंजेक्टरमधून किती डिझेल बाहेर पडेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: तो किती वेळ उघडा राहिला आणि त्याच्यामागे दाब किती होता. वेळ संगणकाच्या हातात आहे, दाब मात्र त्याला कुणीतरी सांगावा लागतो. तो चुकीचा सांगितला गेला तर इंजिन एकतर भुकेलं राहील किंवा काळा धूर ओकेल. म्हणूनच हा कोड आला की बऱ्याच गाड्या ताबडतोब ताकद आवळतात, काही तर बंदच पडतात.

दाब सांगणारी वस्तू अंगठ्याएवढी असते. तिच्या पोटात पोलादाचा एक पडदा आहे. त्याच्या एका अंगाला डिझेल टेकतं, दुसऱ्या अंगावर धातूचे अतिशय पातळ थर देऊन चार रोधक घडवलेले असतात. दाब वाढला की पडदा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, त्याबरोबर थर ताणले जातात आणि त्यांचा विद्युतरोध बदलतो. हे चार रोधक व्हीटस्टनच्या सेतूप्रमाणे जोडलेले असतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण चौकटीत मांडलेला तोच सेतू: सॅम्युअल हंटर ख्रिस्तीने १८३३ मध्ये शोधलेला आणि चार्ल्स व्हीटस्टनने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेला. सेतूतून मिळणारा फरक फार छोटा, काही दशक मिलिव्होल्टांचा. सेन्सरच्याच पोटातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट तो वाढवतं आणि बाहेर देतं.

बाहेर येतात तीन तारा. एकीवर ईसीयू पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नलची. दाब शून्य असेल तेव्हा सिग्नल ०.५ व्होल्ट आणि दाब पूर्ण असेल तेव्हा ४.५ व्होल्ट. समजा सेन्सर १५०० बारचा आहे आणि इंजिन ३०० बारवर आयडलिंगला आहे. म्हणजे पूर्ण पल्ल्याचा पाचवा हिस्सा. पल्ला चार व्होल्टांचा, त्याचा पाचवा भाग ०.८, त्यात ०.५ मिळवले की १.३ व्होल्ट. मीटरवर १.३ च्या आसपास दिसलं तर सिग्नल सरळ आहे. १८०० बारच्या सेन्सरमध्ये याच दाबाला १.१७ दिसेल, म्हणून हातातला सेन्सर किती बारचा आहे ते आधी पाहून घ्यावं.

शून्य दाबाला शून्य व्होल्ट का ठेवले नाहीत? या एका निर्णयावर सगळं निदान उभं आहे. रात्रीचा पहारेकरी सगळं ठीक असतानाही तासातासाला टोल देतो, कारण टोल आला नाही तर पहारेकऱ्यालाच काही झालं आहे हे वाड्यातल्यांना कळावं. शून्य दाबाला शून्य व्होल्ट ठेवले असते, तर रेल रिकामी आहे की तार जमिनीला टेकली आहे, हे संगणकाला कधीच उमगलं नसतं. ०.५ च्या खालची आणि ४.५ च्या वरची पट्टी मुद्दाम मोकळी सोडली आहे. चांगला सेन्सर तिथे कधीच जात नाही. सिग्नल साधारण ०.२ च्या खाली गेला की पी०१९२, ४.८ च्या वर गेला की पी०१९३. नेमके आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, तत्त्व तेच.

मग सिग्नल ४.८ च्या वर जातो कसा? सिग्नलची तार आतल्या आत पाच व्होल्टांच्या तारेला चिकटते. किंवा अर्थची तार तुटते, आणि खाली उतरायला वाटच न उरल्यामुळे सिग्नल वर चढून बसतो. किंवा सिग्नलची तारच तुटते; पुष्कळ ईसीयूंमध्ये ही तार आतून एका रोधकामार्फत पाच व्होल्टांना बांधलेली असते, त्यामुळे ती मोकळी झाली की पाच व्होल्ट दिसतात. काही ईसीयूंमध्ये ती उलट अर्थला बांधलेली असते आणि तिथे तुटलेली तार पी०१९२ देते, म्हणून डायग्राम हवाच. किंवा मग खरोखर सेन्सर आतून गेलेला असतो. या चार वाटांपैकी एकच सेन्सरशी जाते. सेन्सर बदलून पाहू म्हणणारा उरलेल्या तीन वाटा न चालताच सोडून देतो.

तपासणीला हात घालण्याआधी एक इशारा, आणि तो मनापासून देतो आहे. इंजिन चालू असताना रेलचा, इंजेक्टरच्या पाइपचा किंवा या सेन्सरचा नट कधीही सैल करू नये. गळती शोधायला बोटही फिरवू नये. हजार बारवर निसटलेली डिझेलची सुईएवढी धार कातडी भेदून आत जाते. जखम बाहेरून टोचल्यासारखी क्षुल्लक दिसते, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं काही झालं तर मलम लावून घरी जायचं नाही, सरळ मोठं रुग्णालय गाठायचं. जुन्या इंजिनांवर नट सैल करून एअर काढायची सवय असलेल्या हातांना हे विशेष सांगावं लागतं. पुढच्या विजेच्या चाचण्यांना एकही नट उघडावा लागत नाही.

पहिलं काम: कोड पुसू नका. पुसण्याच्या त्या एका बटणाने सगळ्यात मोलाचा पुरावा जातो. दोष नोंदवला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, गाडीचा वेग किती, पाण्याचं तापमान किती, भार किती, याचा एक गोठवलेला तक्ता कोडसोबत साठवलेला असतो आणि साधा स्कॅनरही तो दाखवतो. पी०१९३ च्या तक्त्यात फेरे शून्य आणि तापमान २८ अंश असेल, तर दोष किल्ली फिरवताच हजर होता. म्हणजे तुटणं किंवा चिकटणं पक्कं आहे, शोधायला सोपं. तिथे फेरे १९००, वेग ३४, तापमान ८८ असं असेल तर गाडी खड्ड्यांतून हादरत किंवा तापून चालली होती आणि तेव्हाच एखादी तार हलली. अशा दोषाला गॅरेजमध्ये उभ्या गाडीत पकडायचं तर वायरिंग हातात धरून हलवत स्कॅनरवर आकड्याची उडी पाहावी लागते.

सोबत दुसरे कोड आहेत का हेही पाहावं. पाच व्होल्टांची एकच वाट अनेक सेन्सरांना मिळून जाते. पी०६४१ ते पी०६४३ यांपैकी काही दिसलं किंवा अॅक्सिलरेटर पेडल, टर्बोचा दाब असे असंबद्ध सेन्सर एकदम तक्रार करू लागले, तर दोष त्या सामायिक वाटेवर आहे. मग एकेका सेन्सरचा कपलर काढत जायचा. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट जागेवर येतात, तो गुन्हेगार. तो इंधनाचा नसण्याचीच शक्यता जास्त.

यानंतर माझी आवडती चाचणी, जिला स्कॅनरखेरीज काहीच लागत नाही. गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी सेल्फ न मारता फक्त इग्निशन ऑन करून स्कॅनरवर रेलचा दाब वाचावा. रात्रभरात रेल पूर्ण उतरलेली असते. खरा दाब शून्य आहे हे आपल्याला मोजल्याशिवाय ठाऊक आहे. तेव्हा आकडा शून्याच्या जवळपास हवा. पन्नास-साठ बार दिसत असतील तर सेन्सर किंवा त्याची तार खोटं बोलते आहे. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न सेन्सरला विचारण्याची संधी दिवसातून एवढी एकदाच मिळते.

इथे अर्थच्या तारेबद्दल थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तीच करते. तुटली तर पी०१९३ देते, ते एक वेळ परवडलं. पण कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढून तिथे समजा २० ओहमचा रोध तयार झाला. सेन्सर दहा मिलिअँपिअरच्या आसपास वीज घेतो. दहा मिलिअँपिअर गुणिले वीस ओहम म्हणजे ०.२ व्होल्ट. सेन्सरची जमीनच तेवढी वर उचलली गेली. हिशेब मांडला तर १५०० बारचा सेन्सर बंद गाडीतही पासष्ट-सत्तर बार दाखवेल. कोड कदाचित येणारही नाही. संगणक समजेल दाब पुरेसा आहे आणि पंपाला आवरेल, प्रत्यक्षात इंजिनाला कमी दाब मिळेल, आणि मालक महिनोन्‌महिने 'पिकअप नाही' म्हणत हिंडेल. हे पकडायला कपलर जोडलेला ठेवून, इग्निशन ऑन करून, मीटरचं एक टोक सेन्सरच्या अर्थ पिनेला मागच्या बाजूने आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावावं. ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर ठीक.

आता पी०१९३ चा सरळ निकाल. कपलर काढा, इग्निशन ऑन करा. एका पिनेवर पाच व्होल्ट मिळायला हवेत. सिग्नलच्या पिनेवर बारा व्होल्ट मिळाले तर तार बॅटरीच्या लाइनला चिकटली आहे; तिथेच थांबा आणि ती शोधा. तसं नसेल तर इग्निशन बंद करून सिग्नल आणि पाच व्होल्टांच्या पिनेमध्ये ओहम मोजा. जवळजवळ शून्य आले तर त्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हेही नसेल तर एक तारेचा तुकडा घेऊन सिग्नलची पिन अर्थच्या पिनेला जोडा आणि इग्निशन ऑन करून स्कॅनर पाहा. कोड पी०१९३ वरून पी०१९२ वर आला, तर सिग्नलची तार ठीक, अर्थची तार ठीक, आणि ईसीयू शुद्धीवर आहे. पाच व्होल्ट आधीच मिळाले आहेत. आता सेन्सर दोषी, आणि आता तो खुशाल बदलावा. कोड बदलला नाही, तर तुकड्याचं दुसरं टोक अर्थच्या पिनेऐवजी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पी०१९२ आला तर अर्थची तार तुटली आहे. तरीही न आल्यास सिग्नलची. पाच व्होल्टांची पिन मात्र कधीही अर्थला जोडू नये. एवढं सगळं करायला चहाच्या दोन फेऱ्यांइतकाही वेळ लागत नाही.

एक खबरदारी नवशिक्यांसाठी. मीटरचं जाड टोक कपलरच्या मादी पिनेत खुपसलं की पिनेचा जबडा फाकतो. मग कपलर बसतो पण पकडत नाही, आणि निदान करतानाच मधूनच येणारा नवा दोष जन्माला येतो. बारीक टाचणी वापरावी आणि शक्यतो मागून लावावी.

तार तुटते तरी कुठे? इंजिनाच्या ब्रॅकेटच्या धारेवर घासून, एक्झॉस्टजवळ तापून कडक झाल्यावर वाकण्यात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात फार मोठ्या प्रमाणावर उंदरांच्या दातांनी. उभी गाडी उबदार आणि कोरडी असते. शेताजवळ किंवा सोसायटीच्या तळघरात गाडी ठेवणाऱ्याला हा अनुभव असतोच. शिवाय जुन्या दुरुस्त्या असतात: तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेपचा गोंद सुटतो, पाणी आत जातं आणि तांबं हिरवं पडून पुढे इन्सुलेशनच्या आत कुजत जातं. असा जोड दिसला तर चांगल्या, चकचकीत तांब्यापर्यंत तार कापावी, डाग देऊन जोडावी, आकसणारी नळी चढवावी आणि वायरिंग कंपनीने आखलेल्या वाटेनेच परत बांधावं.

आतापर्यंत खबर आणणाऱ्याची झडती झाली. पण कधी खबर खरी असते. स्कॅनर पी०१९३ ऐवजी पी००८७ दाखवतो, म्हणजे रेलचा दाब खरोखर कमी. गॅरेजमध्ये यालाही 'फ्युएल सेन्सरचा कोड' म्हणून त्याच भागावर कुऱ्हाड पडते, आणि हे मला सर्वांत अन्यायाचं वाटतं, कारण इथे सेन्सरने आपलं काम चोख बजावलेलं असतं. गोठवलेला तक्ता पाहिला की बहुधा कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटातला क्षण सापडतो: भार नव्वद टक्क्यांच्या वर, वेग कमी. स्कॅनरवर संगणकाने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब असे दोन आकडे शेजारी लावून चढावर पाहावेत. मागणी १२०० ची आणि मिळकत ८५० ची असेल तर डिझेल कमी पडतं आहे. सुरुवात स्वस्तातून करावी: फिल्टर कधी बदलला, त्यात पाणी आहे का, टाकीपासून येणारी लाइन एअर घेते आहे का. पारदर्शक पाइपचा तुकडा लाइनमध्ये घालून पाहिलं की बुडबुडे दिसतातच.

मग रिटर्नची चाचणी. प्रत्येक इंजेक्टर काही डिझेल टाकीकडे परत पाठवतो. चारही रिटर्न नळ्या सोडवून चार सारख्या बाटल्यांत घ्यायच्या, इंजिन ठराविक वेळ आयडलिंगला चालवायचं आणि बाटल्या ओळीत मांडायच्या. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत निम्म्याच्या वर डिझेल असेल तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे आणि पंपाने साठवलेला दाब परत टाकीत ओततो आहे. रिटर्नची बाजू कमी दाबाची असते, म्हणून हे करता येतं. पाइप रेलकडचा नाही याची खात्री मात्र आधी.

झिजण्यामागे डिझेलचा दर्जा असतो. या पंपांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. गंधक काढताना डिझेलचं नैसर्गिक वंगण कमी होतं. भारत स्टेज ४ ला गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भाग होती, स्टेज ६ ला ती १० झाली. ही उणीव भरून काढायला डिझेलमध्ये खास द्रव्यं मिसळतात आणि ते किती वंगण देतं याची मोजणी मानकात आहे. रॉकेलची भेसळ झाली की हे सगळं वाया जातं. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी भेसळखोरांना अडवायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. त्या धंद्याची एक किंमत त्यांनी चुकवली. झिजलेल्या पंपांच्या रूपाने तिचा छोटा हिस्सा डिझेल गाडी चालवणारा प्रत्येक जण चुकवत आला.

दुरुस्ती झाली की मगच कोड पुसावा आणि गाडी त्याच परिस्थितीत न्यावी, जी गोठवलेल्या तक्त्यात होती. घाटात दोष आला असेल तर कॉलनीत फेरी मारून काहीच कळणार नाही. कोड न पुसताही, सलग तीन फेऱ्यांत दोष पुन्हा दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन चाळीसेक वेळा तापून थंड झाल्यावर जुनी नोंद संगणक स्वतः काढून टाकतो. कोड पुसला की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही 'अपूर्ण' म्हणून नव्याने सुरू होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं वेगवेगळं ड्रायव्हिंग लागतं. जुनी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. विकणारा स्कॅनर लावून "बघा, एकही कोड नाही" म्हणाला, तर त्याच स्कॅनरवर या चाचण्यांची यादी उघडायला सांगावी. बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड अलीकडेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढून परत लावली आहे.